शास्ती माफ, भाडं बांधलेलं : सांगलीतल्या जुन्या वाड्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहराने कर्ज सोडलं म्हणून भाडं कमी राहतं, हे गणित नेमकं काय आहे?

सांगलीतल्या जुन्या वाड्यांवरची शास्ती, म्हणजे घरपट्टी उशिरा भरल्याचा दंड, सोडावा आणि बदल्यात भाडं बांधून घ्यावं, असं हे पान सुचवतं. मुळात ही अमेरिकेतल्या शहरांची जुनी रीत. तिथली महापालिका भाड्याची इमारत बांधणाऱ्याला किंवा दुरुस्त करणाऱ्याला अल्प व्याजाचं दुय्यम कर्ज देते. बँकेचा हक्क पहिला, शहराचा नंतर. अशा बऱ्याच कर्जांना ठरलेला मासिक हप्ता नसतो. भाडं जमा झालं, त्यातून बँक, विमा, दुरुस्ती, पगार भागले आणि काही उरलं, तर त्यातला वाटा शहराला द्यायचा. भाडं मुळात कमी ठेवायची अट असल्यामुळे उरत फारसं काही नाही, आणि व्याज मात्र चढत जातं. पंधरा-वीस वर्षांनी कागदावरचं देणं इमारतीच्या किमतीच्या पुढे जायची वेळ येते. नेमकं तेव्हाच छप्पर, जिना, नळ-गटार सगळंच बदलायला येतं, आणि आधीचं एवढं ओझं बघून नवी बँक दारात उभं करत नाही.

आता शहर वसुलीला बसलं, तर इमारत विकली जाते आणि नवा मालक बाजारभावाने भाडं लावतो. म्हणून शहर देणं सोडतं आणि बदल्यात पुढची काही वर्षं भाडं बांधून घेतं. याला माफी म्हणतात खरं, पण व्यवहार खरेदीचा आहे. शहर स्वस्त भाड्याची वर्षं विकत घेतं, आणि पैसे म्हणून स्वतःचंच जुनं येणं मोजतं.

तिथे अशी अट किती वर्षांची असते?

पैसा कुठून आला त्यावर ठरतं. १९९० च्या कायद्याने सुरू झालेल्या ‘होम’ नावाच्या केंद्रीय निधीत जुन्या इमारतीच्या दुरुस्तीसाठी दर घरामागे किती रक्कम घातली ते पाहून ५, १० किंवा १५ वर्षं, आणि नव्या बांधकामाला २० वर्षं. १९८६ च्या करसवलत योजनेत सवलत परत जायची टांगती तलवार १५ वर्षांची असते; १९९० पासूनच्या इमारतींना भाड्याची अट किमान ३० वर्षांची. पंधराव्या वर्षी करसवलतीसाठी पैसा घातलेला गुंतवणूकदार बाहेर पडायला बघतो, त्यामुळे कर्जमाफीची बरीच बोलणी त्या सुमाराला निघतात.

सांगली-मिरज-कुपवाडमध्ये असं कर्ज कुठे मिळतं?

मिळत नाही. आपल्याकडे महापालिका घरमालकाला कर्ज देत नाही. पण मालक महापालिकेचा देणेकरी असतोच, घरपट्टी आणि पाणीपट्टीच्या रूपाने. खणभाग, गावभाग, पेठभागातले जुने वाडे घ्या. दोनशे-तीनशे रुपये भाड्याचे पाच-सात भाडेकरू, वारस पुण्या-मुंबईत, आणि घरपट्टी वर्षानुवर्षं तुंबलेली. शहराच्या हातात सोडण्यासारखं काही असेल तर ती थकबाकी, आणि तिच्यावर चढलेली शास्ती. या पानावर जिथे ‘माफी’ म्हटलंय तिथे हीच समजावी.

शास्ती इतकी कशी फुगते?

महापालिका अधिनियमाच्या कराधान नियमांप्रमाणे मुदतीत न भरलेल्या करावर महिन्याला २ टक्के शास्ती लागते. महिन्याचा तुकडा असला तरी पूर्ण महिना धरतात. म्हणजे वर्षाला २४ टक्के. घर तारण ठेवून घेतलेल्या कर्जाला कुठलीही पतसंस्था इतका दर लावत नसेल.

समजा एका वाड्याची घरपट्टी वर्षाला २४,००० रुपये आहे आणि सहा वर्षं भरलेली नाही. मूळ कर झाला १,४४,००० रुपये. पहिल्या वर्षाचं बिल सहा वर्षं जुनं, दुसऱ्याचं पाच, असं धरत गेलं तर ६ + ५ + ४ + ३ + २ + १ मिळून २१ वर्षांची शास्ती. २४,००० ला वर्षाचे ५,७६० याप्रमाणे ती भरते १,२०,९६० रुपये. एकूण देणं २,६४,९६०. (बिल सहामाही निघतं, १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला देय होतं, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा थोडा पुढे-मागे होईल.) आठ खोल्यांचं २०० रुपयांप्रमाणे वर्षाचं भाडं १९,२०० होतं. ते चालू वर्षाच्या घरपट्टीलाही पुरत नाही, तर मागची कुठून भरणार?

मग ही शास्ती सोडली की भाडं खाली राहील?

शास्ती सोडून किती भाडं विकत मिळतं ते आधी मोजा. रीत सोपी आहे: माफीची रक्कम भागिले खोल्या, भागिले वर्षं, भागिले बारा. वरच्या वाड्यात १,२०,९६० रुपये सोडले आणि बदल्यात ८ खोल्यांचं भाडं १० वर्षं बांधून घेतलं, तर एका खोलीमागे महिन्याला १२६ रुपये येतात.

तीच खोली बाजारात अडीच हजाराला जात असेल आणि तुम्ही मालकाला दीड हजारात बांधायला निघाला असाल, तर महिन्याला हजाराचं नुकसान आणि १२६ ची भरपाई. मालक शहाणा असेल तर सही करणार नाही, आणि त्याने केलीच तर अट पाळायचा त्याचा विचार नाही असं समजावं. बाजारभावाच्या खोल्या स्वस्त करायला शास्तीची माफी पुरी पडत नाही. ती कामाला येते दुसरीकडे: भाडं आधीच कायद्याने खाली आहे, पण दुरुस्तीअभावी वाडा बसत चाललाय, तिथे. त्या खोल्या पडल्या की त्या भाड्याला पुन्हा उभ्या राहत नाहीत. तिथे सव्वा लाख रुपयांना खरा भाव आहे.

माफीची चर्चा निघाली की आधी हे १२६ चं गणित मांडावं. अर्धी सभा तिथेच संपते.

जुन्या भाडेकरूचं भाडं कायद्याने बांधलेलं आहेच, मग वेगळी अट कशाला?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चा. ३१ मार्च २००० पासून लागू. जुन्या भाडेकरूला त्याचं संरक्षण आहे. प्रमाणित भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ मालकाला घेता येते. २०० रुपयांवर ती ८ रुपये. इथवर ठीक.

पण हे संरक्षण भाडेकरूला चिकटलेलं आहे, खोलीला नाही. भाडेकरू गेला, मागे कोणी राहत नव्हतं, खोली मालकाकडे आली की पुढचा माणूस येतो ११ महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’वर. तो कायद्याने भाडेकरू नाही, परवानाधारक आहे. मुदत संपली की खोली सोडायची. नाही सोडली तर ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई. भाड्याची रक्कम दोघांनी ठरवायची, वर मर्यादा नाही. मिरजेत दवाखान्याच्या कामाने महिना-दोन महिने राहणारे नातेवाईक, विश्रामबागेत कॉलेजची मुलं, कुपवाडच्या एमआयडीसीतले कामगार, यांतले बहुतेक याच कागदावर राहतात. म्हणून माफीची अट खोलीला बांधली पाहिजे. ‘या आठ खोल्यांतून आतला माणूस बदलला तरी अमुक रकमेच्या वर घ्यायचं नाही’, असं.

भाड्याची कमाल रक्कम ठरवायची कशी? उत्पन्नाच्या ३० टक्के?

हा ३० टक्क्यांचा ठोकताळाही अमेरिकेतून आलेला. इथे तो वापरून बघा. आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटाची प्रधानमंत्री आवास योजनेतली मर्यादा वार्षिक ३ लाख रुपये. महिन्याला झाले २५,०००, त्याचे ३० टक्के ७,५००. खणभागातल्या दहा बाय बाराच्या खोलीला, सामाईक मोरी-संडासासकट, साडेसात हजार कोण देणार? मर्यादा बाजाराच्याच वर निघाली तर ती असून उपयोग काय! सांगलीत टक्केवारीच्या फंदात न पडता चटईक्षेत्राच्या चौरस फुटाला रुपये ठरवावेत, आणि वर्षाला ४ टक्के वाढ कायद्याप्रमाणे चालू द्यावी. वाढ अजिबात द्यायची नाही असं लिहिलं की पाच-सहा वर्षांत वाडा पुन्हा दुरुस्तीविना पडतो, म्हणजे होतो तिथेच आलो.

घरपट्टीच्या बिलातलं सगळंच महापालिकेला सोडता येतं का?

नाही, आणि अर्ज इथेच सर्वांत जास्त अडतात. बिल हातात घ्या आणि एकेक ओळ वाचा. सामान्य कर, पाणी-मलनिस्सारणाचे आकार वगैरे महापालिकेचे. शिक्षण उपकर राज्य सरकारचा. १९६२ च्या कायद्याने तो लागतो आणि महापालिका फक्त गोळा करून पुढे भरते. वाड्याच्या दर्शनी बाजूला दुकान असेल तर त्यावर रोजगार हमी उपकरही दिसेल, तोही राज्याचा. दुसऱ्याचा पैसा महापालिका सोडू शकत नाही. मूळ कर सोडणं तर त्याहून कठीण. म्हणून गावोगावच्या अभय योजना बहुतेक शास्तीपुरत्याच असतात: मूळ कर एकरकमी भरा, शास्तीत अमुक टक्के सूट घ्या.

थकबाकीचा उतारा मागताना ‘शीर्षनिहाय आणि वर्षनिहाय’ असे शब्द अर्जात घालावेत. नुसता ‘थकबाकी दाखला’ मागितला की एकच ढोबळ आकडा मिळतो, आणि मग काय सोडता येईल याची चर्चा अंदाजावर चालते. पाणीपट्टीचं खातं वेगळं असतं, त्याचा उतारा वेगळा मागावा.

नेहमीच्या अभय योजनेत आणि तुम्ही सांगता त्यात फरक काय?

अभय योजना मालकाला विचारते, मूळ रक्कम भरतोस का? भाडेकरूंचं काय होणार हे ती विचारत नाही. उलट कधीकधी वाडा विकायचा ठरला, बिल्डरने ‘थकबाकी निरंक’ दाखला मागितला, म्हणूनच मालक सवलतीत पैसे भरतो. त्या वेळी शास्तीची माफी भाडेकरूंना बाहेर काढायच्या खर्चात घातलेली भर ठरते. सवलत देणाऱ्याच्या मनात ते नसतं, परिणाम मात्र तोच.

भाड्यासाठी माफी द्यायची तर बोजा एकदम उतरवायचा नाही. बोजा हा शब्द सांगलीकराला शिकवावा लागत नाही. सोसायटीचं पीककर्ज काढलं की सातबाऱ्यावर चढतो, फेडलं की उतरतो. तसंच इथे करायचं. करारावर सही झाल्या दिवसापासून जुन्या शास्तीचा आकडा गोठवायचा, त्यावर नवी शास्ती लावायची नाही, आणि अट पाळली गेली की दर वर्षी दहावा हिस्सा सोडायचा. वरच्या उदाहरणात वर्षाला १२,०९६ रुपये. चौथ्या वर्षी मालकाने अट मोडली तर तीन वर्षांचे ३६,२८८ सुटलेले, उरलेले ८४,६७२ पुन्हा देय. आधीच सगळं सोडलं असतं तर हातात काय राहिलं असतं? एक प्रतिज्ञापत्र, शंभराच्या जागी पाचशेच्या स्टँपवर.

वाडा विकला तर नव्या मालकावर अट लागते का?

कागद कसा केला त्यावर आहे. नुसतं हमीपत्र सही करणाऱ्यापुरतं. ते खरेदीदारावर लादता येत नाही, कारण त्याने ते पाहिलेलंही नसतं. करार दुय्यम निबंधकाकडे नोंदलेला हवा, त्यात वाड्याचा सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा हव्यात, थकबाकीचा बोजा त्या मिळकतीवर स्पष्ट लिहिलेला हवा, आणि मग नगर भूमापन कार्यालयात अर्ज करून मालमत्ता पत्रकावर त्याची नोंद झाली पाहिजे. वकील शोध घेतो तो निबंधकाच्या नोंदी आणि मालमत्ता पत्रक पाहून. दोन्ही ठिकाणी दिसलं की ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायची सोय उरत नाही. मालमत्ता कर हा मिळकतीवरचा पहिला बोजा असतो, ही गोष्टही इथे महापालिकेच्या बाजूची.

नोंदणी झाली आणि मालमत्ता पत्रकावरची नोंद राहून गेली, असं फार होतं. दोन वेगळी कार्यालयं आहेत. एकातला कागद आपोआप दुसऱ्यात जाईल या भरवशावर बसू नये.

आमच्या वाड्याला अकरा वारस आहेत. सही कोणी करायची?

मालमत्ता पत्रकावर ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांनी. आणि खरी अडचण अशी की पत्रकावर अजून आजोबांचंच नाव असतं. आधी वारस नोंद करून घ्या: मृत्यूचे दाखले, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, सगळ्या वारसांचे पत्ते. बहिणींची नावं वगळून नोंद करायचा मोह होतो. पुढे त्यांतल्या एकीनेही हरकत घेतली की करार लटकतो. बाहेरगावच्या वारसांनी इथल्या एकाला नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र द्यावं, आणि त्यात ‘महापालिकेशी भाडेमर्यादेचा करार करणे व बोजा मान्य करणे’ हे शब्द नेमके असावेत. ‘सर्व कामे करणे’ एवढ्यावर निबंधक कार्यालय अडू शकतं.

वारसांत वाटपाचा दावा चालू असेल तर तो मिटेपर्यंत माफीचा विषय काढू नये. तोवर चालू वर्षाची घरपट्टी तरी भरत राहावी, मागची वाढते तेवढी पुरे.

माफी कशाच्या बदल्यात? नुसतं भाडं बांधून पुरतं का?

नाही. जिथे भाडं आधीच २०० रुपये आहे तिथे ते बांधून घेण्यात मालक काहीच देत नाही. त्याच्याकडून दुरुस्ती घ्यायची. सुटसुटीत सूत्र म्हणजे जेवढी दुरुस्ती तेवढी माफी, वर्षाच्या हिश्श्याच्या मर्यादेत. मात्र दुरुस्ती म्हणजे रंग नव्हे. कामांचा क्रम साधारण असा ठेवावा: आधी छप्पर (फुटकी कौलं, सडलेली रीप, पन्हाळ), मग तुळया आणि खांबांची टोकं, मग भिंतींचा तळ, मग जिना, मग वीज, आणि सामाईक संडास-मोरी. छप्पर गळत असताना खाली केलेलं काम एका पावसाळ्यात वाया जातं.

सांगलीत यात पुराची भर आहे. कृष्णेची इशारा पातळी आयर्विन पुलापाशी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्याआधी २००५, नंतर २०२१. मातीच्या गाऱ्यात बांधलेली भिंत चार-पाच दिवस पाण्यात उभी राहिली की गारा लोण्यासारखा होतो. पाणी उतरल्यावर भिंत वरून ठीक दिसते, पण जोत्याच्या लगतच्या दोन-तीन थरांत बोट घातलं तर आत जातं. वाडे कोसळतात ते पुष्कळदा पूर ओसरल्यावर, ऊन पडून भिंत वाळायला लागली की. त्यावर लोक हमखास एक चूक करतात: ओलं लपवायला सिमेंटचा गिलावा. सिमेंट ओल आत कोंडतं, ती भिंतीतून वर चढते आणि तुळईचं भिंतीत बसलेलं टोक कुजवते. तिथे चुन्याचा गिलावाच हवा, तोही भिंत पूर्ण वाळल्यावर. अंदाजपत्रकात ‘सिमेंट गिलावा’ दिसला तर इंजिनिअरला कारण विचारा. विजेचे मीटर आणि मेन स्विच भिंतीवरच्या २०१९ च्या पाण्याच्या रेघेच्या वर घेणं हे फार खर्चाचं काम नाही, पण यादीत हमखास विसरलं जातं.

पैसे सोडण्याआधी कामाची मापं घ्यावीत आणि फोटो तारखेसह फाइलला लावावेत. नुसत्या दुकानाच्या बिलावर माफी दिली की वाळू वाड्याच्या नावावर येते आणि दुसऱ्याच बांधकामावर उतरते.

आम्ही भाडेकरूच दुरुस्ती करून भाड्यातून कापून घेऊ शकत नाही का?

शकता. मालकाला किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्या. तरी तो हलला नाही तर दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. २०० रुपये महिना म्हणजे वर्षाला २,४००, त्याचा चौथा हिस्सा ६००. आठही भाडेकरू एकत्र आले तरी ४,८००. यात कौलं चाळून होतील, तुळई बदलून होणार नाही. कायद्याने वाट दिली आहे, पण जुन्या भाड्यांच्या आकड्यांनी ती पाऊलवाट झाली.

मालकाने घरपट्टी थकवली तर महापालिका आमच्याकडून वसूल करेल का?

करू शकते, मर्यादेत. मालकाने बिल भरलं नाही तर भोगवटादाराला मागणी करता येते. पण वर्षापेक्षा जुनी थकबाकी त्याच्याकडून घेता येत नाही, आणि तो राहत नव्हता त्या काळाचीही नाही. जे भरलं ते मालकाच्या देण्यातून वळतं करता येतं. भरताना पावतीवर ‘भोगवटादारामार्फत’ असं लिहून घ्या, मालकाला रजिस्टर एडीने कळवा, आणि मगच भाड्यातून वजा करा. न कळवता भाडं थांबवलं तर ते भाडेथकबाकीत मोजलं जाईल.

आणि शास्ती? ती मालकाच्या उशिराची आहे. कर वाढला तर तेवढी वाढ भाडेकरूवर टाकायची तरतूद आहे; शास्ती म्हणजे करवाढ नव्हे. ‘शास्तीचा वाटा’ म्हणून कोणी पैसे मागितले तर लेखी मागणी द्या म्हणावं. सहसा मिळत नाही.

भाडं थकलं म्हणून दावा लागला तर?

घाबरून खोली सोडू नका. मालकाला आधी मागणीची नोटीस द्यावी लागते, आणि ती मिळाल्यापासून ९० दिवस दावा लावता येत नाही. समन्स मिळाल्यावरही ९० दिवसांत सगळं थकलेलं भाडं, १५ टक्के साधं व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला आणि पुढे भरत राहिलात, तर त्या कारणावर ताबा जात नाही. दिवस मोजण्यात मात्र गफलत नको. नव्वदावा दिवस आणि एक्क्याण्णवावा दिवस यांत खोलीएवढं अंतर आहे.

इमारत धोकादायक ठरली की माफीचा विषय संपला का?

वर्गवारी बघा. सी-१ म्हणजे तातडीने रिकामी करून पाडायची. तिथे दुरुस्तीसाठी माफी देणं म्हणजे पैसा मातीत. सी-२अ रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२ब माणसं आत असतानाच दुरुस्त करता येते, सी-३ किरकोळ. माफीची योजना खरी कामाची सी-२ब आणि सी-३ साठी. सी-२अ मध्ये भाडेकरूंनी चार-सहा महिने राहायचं कुठे, याचं उत्तर करारात लिहिलेलं नसेल तर ते परत येतच नाहीत.

मुंबईत जुन्या उपकरप्राप्त इमारतींसाठी म्हाडाचं दुरुस्ती मंडळ आहे. ती व्यवस्था मुंबई शहरापुरती आहे, सांगलीला नाही. इथे सगळा भार मालक, महापालिका आणि दिवाणी न्यायालय यांच्यावर. म्हणून सी-१ ची नोटीस आली आणि खोली सोडावीच लागली, तर बाहेर पडण्याआधी महापालिकेकडून आपल्या ताब्यातल्या क्षेत्राचं मोजमाप आणि भाडेकरू असल्याचा लेखी दाखला घ्या. ‘नंतर देतो’ यावर निघू नका. भिंती पडल्यावर मोजायला काही उरत नाही.

नियमित घरपट्टी भरणाऱ्याने काय पाप केलं?

हा प्रश्न रास्त आहे आणि दर वेळी विचारला पाहिजे. शेतकरी कर्जमाफीच्या वेळीही हेच झालं. म्हणून २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले योजनेत थकबाकीदाराला २ लाखांपर्यंत माफी दिली, आणि नियमित फेडणाऱ्यांसाठी ५० हजारांपर्यंत प्रोत्साहनाची रक्कम ठेवावी लागली. इथेही तसंच हवं. जो मालक वेळेवर भरतो आणि त्याच भाडेमर्यादेचा करार करायला तयार आहे, त्याला पुढच्या वर्षांच्या सामान्य करात सूट. नाहीतर पुढच्या वर्षी तोही भरायचा थांबेल, दर दोन-तीन वर्षांनी अभय येतं हे त्यालाही कळतं.

अट मोडली जाते ती कशी? काय तपासायचं?

पावती दीड हजाराची, आणि वर हजार रुपये ‘मेंटेनन्स’ रोख. भाडं पाळलेलं, पण अनामत एकदम लाखाची. दोन खोल्या ‘रिकाम्या’ दाखवलेल्या आणि आत हळदीची पोती. भाडेकरूच्या जागी मालकाचा पुतण्या, दोन महिन्यांनी पुतण्या गेला आणि खोली दुसऱ्याच दराने. हे सगळं कागदावर दिसत नाही. वर्षातून एकदा खोलीत जाऊन राहणाऱ्याशी बोलावं लागतं, मालक बरोबर नसताना. करारात ‘भाडे’ या शब्दाची व्याख्या ‘कोणत्याही नावाने घेतलेली रक्कम’ अशी करावी आणि अनामतीला महिन्यांची मर्यादा घालावी.

भाडेकरूही मोडतात. विश्रामबागेत स्वतःचा फ्लॅट, आणि वाड्यातली खोली कुलूप लावून हक्क राखण्यापुरती धरून ठेवलेली. सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने वापर नसेल तर मालकाला ताबा मागता येतो. बंद खोलीसाठी सार्वजनिक पैसा सोडणं चूकच आहे. माफीच्या हिशोबात फक्त राहत्या खोल्या धराव्यात.

मालकाने अर्जासोबत काय तयार ठेवावं?

शीर्षनिहाय थकबाकी उतारा, अद्ययावत मालमत्ता पत्रक, वारस नोंद आणि मुखत्यारपत्र, खोलीवार तक्ता (कोण राहतं, कधीपासून, चटईक्षेत्र, सध्याचं भाडं, अनामत), बांधकाम ३० वर्षांपेक्षा जुनं असेल तर संरचना अभियंत्याचं प्रमाणपत्र, जे कायद्याने एरवीही लागतं, कामनिहाय अंदाजपत्रक, आणि मूळ कर कसा भरणार त्याचं वेळापत्रक. शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. खाजगी सावकाराकडून २४ टक्क्यांनी उचलून मूळ कर भरला तर महापालिकेची शास्ती गेली आणि सावकाराची आली, एवढंच.

तक्त्यात भाडेकरू लपवू नका. घरपट्टीची आकारणी वार्षिक भाडेमूल्यावरून (त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करून) होते, म्हणून कर वाढेल या भीतीने बरेच मालक सगळा वाडा ‘स्वतः राहता’ दाखवतात. मग ज्या खोल्यांसाठी माफी मागायची त्या खोल्या महापालिकेच्या नोंदवहीत भाड्याच्या नसतातच.

भाडेकरूने आत्ता काय करून ठेवावं?

दर महिन्याची भाडेपावती. ती देणं मालकावर बंधनकारक आहे, न दिल्यास दिवसाला १०० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. देतच नसेल तर भाडं मनीऑर्डरने किंवा बँकेतून पाठवा, म्हणजे पुरावा आपोआप होतो. विजेचं बिल, रेशनकार्ड आणि मतदार यादी यांवर त्याच खोलीचा पत्ता असू द्या. महापालिकेच्या करआकारणी नोंदवहीत भोगवटादार म्हणून आपलं नाव आहे का ते वॉर्ड कार्यालयात पाहून उतारा घ्या. आणि गावभाग-मारुती चौकाकडे राहत असाल तर हे सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवा, फोटो काढून एक प्रत गावाबाहेरच्या नातेवाइकाला पाठवा. २०१९ मध्ये पुष्कळांच्या जुन्या पावत्या खालच्या कपाटात होत्या.